उंचावरून मारा: टेबलटॉप मिनिएचर खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला केला असेल, तर या पानावरच्या अर्ध्या गोष्टी तुमच्या हातांना आधीच माहीत आहेत. माती ओली असतानाच आपण ठरवायचो की तोफ कुठल्या बुरुजावर चढणार आणि पहाऱ्याचा मावळा कुठे उभा राहणार. कुणी शिकवलेलं नसायचं, पण सगळ्यात उंच जागेसाठी भावंडांत भांडण ठरलेलं. पुढे टेबलावर छोट्या चित्रांची, म्हणजे मिनींची, लढाई मांडायला फासे, टेप आणि नियमांचं पुस्तक हातात आलं तरी ती ओढ तशीच राहते. डाव सुरू झाला की धनुर्धारी, स्नायपर, रॉकेटवाला असे सगळे गच्चीकडे धावतात. खाली जे प्रश्न घेतलेत ते नव्या खेळाडूंबरोबर बसल्यावर हटकून निघणारे आहेत.

उंचावर उभं राहिलं की नेम जास्त लागतो का?

बहुतेक खेळांत नाही. ही समजूत बरीचशी व्हिडिओ गेममधून आलेली आहे. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) उंचावरून खाली मारताना नेमाच्या फाशात +२ मिळतात आणि खालून वर मारताना २ वजा होतात. तो खेळून आलेला माणूस टेबलावरही तेच धरून चालतो. पण तो गेम ज्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ) पाचव्या आवृत्तीवर बेतलेला आहे, तिच्या मूळ नियमांत उंचीचा असा सरसकट बोनस नाहीच. त्याआधीच्या ३.५ आवृत्तीत उंच जागेचा +१ होता, तोही फक्त हातघाईला. तक्त्यातल्या नेमबाजीच्या रकान्यात शून्य लिहिलेलं आहे.

मला हे शून्य पटतं. उंचीचा पहिला फायदा नजरेचा असतो: मधली भिंत, झाडी, आपलीच माणसं यांच्यावरून पलीकडचं दिसतं. ज्याच्यावर एरवी मारताच आलं नसतं त्याच्यावर मारता येतं. हा फायदा कुठल्याही +१ पेक्षा मोठा आहे, आणि खरी दृष्टिरेषा पाहणाऱ्या खेळांत तो आपोआप मिळतो. त्यावर आणखी बोनस द्यायचा का, हे प्रत्येक खेळ आपापल्या परीने ठरवतो.

वॉरहॅमर ४०,०००मध्ये उंचीचा नेमका काय फायदा?

२०२३च्या दहाव्या आवृत्तीत ‘प्लंजिंग फायर’ आहे. पडक्या इमारतीत जमिनीपासून ६ इंच किंवा त्याहून वर उभ्या असलेल्या मिनीने जमिनीवरच्या तुकडीवर मारा केला, तर त्या माऱ्याचा एपी, म्हणजे चिलखत भेदण्याची ताकद, १ ने वाढतो. नेम सुधारत नाही, लागलेली गोळी जास्त खोल जाते. इमारतींचे मजले सहसा ३-३ इंचांचे असतात, त्यामुळे हा फायदा दुसऱ्या मजल्यावरच मिळतो. पहिल्या मजल्यावर बसून प्लंजिंग फायर मागणारे खूप भेटतात. त्यांना टेप दाखवायचा.

आता हा १ किती कामाचा, ते समोर कोण आहे यावर ठरतं. ३+ सेव्हचा, म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त पडलं की चिलखत वाचवतं असा, शत्रू उघड्यावर आहे आणि तुमच्या बंदुकीचा एपी शून्य आहे. एपी असेल तर तो त्या फाशातून वजा होतो. खालून मारलं तर लागलेल्या सहांतल्या दोन गोळ्या आत जातात, वरून मारलं तर तीन. म्हणजे मारा दीडपट झाला. बंदुकीचा एपी आधीच १ असेल तर तिनाच्या चार होतात, वाढ एक तृतीयांश. शत्रूचा सेव्ह मुळातच ६+ असेल तर पाचाच्या सहा. आणि ज्याला ४+ची अभेद्य सेव्ह (एपीने कमी न होणारी) आहे अशा जाड चिलखतवाल्यावर तुमचा एपी ३ वरून ४ झाला तरी काहीच फरक नाही, कारण तो आधीपासूनच अभेद्य सेव्हवर फासे टाकतोय. थोडक्यात, चांगल्या चिलखतावर साध्या बंदुकांचा मारा असेल तेव्हा गच्ची सर्वांत कामाची. भारी तोफा वर नेण्याची धडपड बऱ्याचदा वाया जाते.

यात एक बारीक खाच आहे. ३+ किंवा त्याहून चांगल्या सेव्हच्या मिनीला शून्य एपीच्या माऱ्याविरुद्ध आडोशाचा फायदा मिळत नाही. तुम्ही वर चढून एपी १ केलात की तो आडोसा जागा होतो आणि सेव्ह परत ३+ वर येते. चढण्यात एक फेरी घालवून हाती आधीइतकंच! म्हणून चढण्याआधी विचारा: समोरचा उघड्यावर आहे की आडोशाला?

गच्चीवरून समोरच्या पडक्या इमारतीपलीकडचं दिसतं. मारता येईल ना?

याच आवृत्तीत, नाही. पडकी इमारत तिथे दृष्टीला पूर्ण आडवी धरली जाते. तिच्या आतलं बघता येतं, आतून बाहेर बघता येतं, पण तिच्यावरून किंवा आरपार पलीकडचं बघता येत नाही, मग डोळ्यांना कितीही स्पष्ट दिसो. विमानांसारखे मोजके अपवाद आहेत. नव्या खेळाडूंना हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो नसता तर टेबलावरची एक उंच गच्ची पकडून सगळा डाव तिथेच संपला असता.

दृष्टिरेषा नीट कशी बघायची?

गुडघ्यावर बसा. चष्मा असेल तर टेबलाला आपटणार नाही एवढं बघा. गाल जवळपास टेबलाला टेकेल इतकं वाका, एक डोळा मिटा आणि दुसरा मिनीच्या डोक्यामागे आणा. वर उभं राहून ‘दिसतंय की’ म्हणणारा माणूस स्वतःच्या साडेपाच फुटांवरून बघत असतो, मिनीच्या एका इंचावरून नाही. नव्याण्णव टक्के भांडणं इथेच होतात.

वरच्या मजल्यावरची मिनी असेल तर डोकं तिथे शिरत नाही, भिंती आड येतात. मग फोनचा कॅमेरा मिनीच्या खांद्यापाशी धरून फोटो काढा आणि दोघांनी मिळून बघा. आमच्या एका डावात खिडकीच्या चौकटीतून समोरच्याच्या शिरस्त्राणाचं फक्त टोक दिसत होतं, की चौकटीवरचा रंगाचा ओघळ होता, यावर वीस मिनिटं गेली. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ओघळच निघाला. तेव्हापासून फोटो आधी, वाद नंतर. लाल रेषा पाडणारा छोटा लेझर मिळतो, तोही चालतो. फक्त कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

पंख, झेंडे, भाल्याची टोकं दिसली तर ‘दिसलं’ म्हणायचं का, हे प्रत्येक खेळात वेगळं आहे. इन्फिनिटीसारख्या खेळाने हा प्रश्नच काढून टाकलाय. तिथे प्रत्येक मिनीला ठरावीक आकाराचा दंडगोल मानतात आणि तोच बघतात. मिनी गुडघ्यावर बसलेली घडवली असो की उडी मारताना, फरक पडत नाही. मला ही पद्धत सर्वांत न्यायाची वाटते.

कडेला उभं राहावं की थोडं मागे?

या प्रश्नावर थांबून विचार करा, कारण बहुतेक डाव इथे हातचे जातात.

६ इंच उंच सपाट गच्ची घ्या, कठडा नाही. मिनी १ इंच उंच. ती कडेपासून २ इंच आत उभी केली, तर तिच्या डोळ्यांतून गच्चीच्या कडेला चाटून जाणारी रेषा दर २ इंचांना १ इंच खाली उतरते. म्हणजे इमारतीच्या पायथ्यापासून तब्बल १२ इंचांपर्यंतची जमीन तिला दिसतच नाही. तिथे १ इंच उंचीचा शत्रू उभा असेल तर १० इंचांच्या आत त्याचं डोकंसुद्धा दिसणार नाही. तीच मिनी कडेपासून अर्ध्या इंचावर आणा, रेषा एकदम तीव्र होते आणि अडीच इंचांपलीकडचा प्रत्येक शत्रू दिसायला लागतो.

अर्थात दृष्टिरेषा दोन्हीकडून चालते. मागे उभं राहिलं तर पायथ्याची माणसं तुम्हाला दिसत नाहीत आणि तुम्ही त्यांना दिसत नाही. कडेला आलात की सगळं मैदान दिसतं आणि सगळ्या मैदानाला तुम्ही दिसता. म्हणून लांब पल्ल्याची हत्यारं थोडी मागे ठेवावीत, त्यांना जवळचं बघायची गरज नसते. जवळच्या पल्ल्याची माणसं गच्चीवर न्यायचीच असतील तर अगदी कडेला. ‘मधे कुठेतरी’ उभं करणं हे सगळ्यात वाईट: जवळचं दिसत नाही, लांबचं पल्ल्यात नाही.

पायथ्याची ही आंधळी पट्टी हल्ला करणाऱ्याची वाट आहे. गच्चीवर शत्रू दिसला की टेप काढा, त्याची कडेपासूनची खोली बघा आणि भिंतीला चिकटून कुठून जाता येईल ते हेरा.

अंतर आडवं मोजायचं की तिरकं?

इंचांत मोजणाऱ्या खेळांत बहुधा तिरकं, मिनीपासून मिनीपर्यंत सरळ टेप. उंचीमुळे पल्ला वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. ६ इंच उंचीवरून २४ इंच पल्ल्याची बंदूक जमिनीवर सुमारे २३.२ इंचांपर्यंत पोचते. हे नुकसान नगण्य आहे. पण अर्ध्या पल्ल्यात जादा फायदा देणाऱ्या हत्यारांना फटका जाणवतो: १२ इंचांचा अर्धा पल्ला जमिनीवर १०.४ इंचांवर येतो. आणि ६ इंचांचा अर्धा पल्ला असलेलं मेल्टासारखं हत्यार ६ इंच वर नेलं तर तो अर्धा पल्ला अगदी सरळ खालच्या माणसापुरताच उरतो. मेल्टावाल्यांना खालीच ठेवा.

चौकटींच्या नकाशावर डी अँड डी खेळत असाल तर ४० फूट आडवं आणि ३० फूट उभं अंतर पायथागोरसने ५० फूट येतं. पण तिरप्या चौकटीलाही ५ फूटच धरायचा साधा नियम वापरला तर दोन्हींपैकी मोठा आकडा, म्हणजे ४० फूट. टेबलावर कुठली पद्धत चालणार ते डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

किल टीममध्ये गच्चीवर चढायची एवढी घाई का असते?

कारण तिथे उंचीला खरोखर मोल दिलंय. २०२४च्या आवृत्तीत व्हँटेजवरून, म्हणजे उंच मोक्याच्या जागेवरून, किमान २ इंच खालच्या, एंगेज (उघड लढण्याच्या) आदेशावरच्या शत्रूला मारताना एक फासा न टाकताच साधं यश म्हणून राखता येतो. ४ इंच किंवा जास्त खाली असेल तर दोन. लपलेल्या, म्हणजे कन्सील आदेशावरच्या शत्रूला हलक्या आडोशामागे बसून सुटका करून घेता येत नाही, तो माऱ्यात येतो. बदल्यात त्याला बचावात जास्त चांगली आडोशाची सूट मिळते.

हिशेब करून बघा. ३+ने नेम धरणारा, चार फाशांचा पक्का नेमबाज सरासरी २.६७ यशं मिळवतो. दोन फासे राखले तर ३.३३. ५+ने मारणारा कच्चा गडी १.३३ वरून थेट २.६७ वर जातो, म्हणजे दुप्पट! शिवाय राखलेला फासा साधंच यश देतो, त्यावर सहा पडून मोठं यश मिळायची संधी जाते, आणि तो तोटा पक्क्या नेमबाजाला जास्त जाणवतो. म्हणून आपला सर्वांत हुशार स्नायपर वर आणि बाकीचे खाली, ही सवय सोडून बघा. कच्चा गडी वर पाठवा.

डी अँड डीमध्ये बोनस नाही, मग छपरावर चढून काय मिळवायचं?

तीन गोष्टी मिळतात. पहिली, हातघाईवाले तुमच्यापर्यंत लवकर पोचत नाहीत. चढताना प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च होतो. शत्रू ५ फुटांवर आला की नेमबाजीला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा) बसतो, तो टळतो. दुसरी, कठडा. अर्धा आडोसा एसी, म्हणजे तुम्हाला लागायला शत्रूला हवा असलेला आकडा, २ ने वाढवतो, पाऊण आडोसा ५ ने. तिसरी युक्ती थोडी खटपटीची आहे: आपल्या पाळीत अर्धी चाल खर्चून उभं राहा, बाण सोडा, आणि पाळी संपताना आडवे व्हा. आडवं व्हायला चाल लागत नाही, आणि आडव्या माणसावर दुरून मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो.

डीएमला उंचीसाठी अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरायचा) द्यावासा वाटला तर नियम त्याला मोकळीक देतात. पण वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त हवे असताना अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे ५० टक्क्यांचे ७५ टक्के होतात, जवळजवळ +५चा बोनस. तो प्रत्येक छपरासाठी दिला तर मैदानात कुणी उरतच नाही. शत्रूला तुम्ही वर आहात हे माहीत नसेल, तेव्हा द्यावा.

बॅटलटेकमध्ये टेकडीचा उपयोग काय?

१९८४ पासून चालत आलेला हा खेळ उंचीचा हिशेब पातळ्यांमध्ये करतो. एक पातळी ६ मीटरांची, आणि उभा मेक (माणूस आत बसून चालवतो तो लढाऊ यंत्रमानव) दोन पातळ्यांचा. अंतर फक्त षट्कोन मोजून, उंची त्यात धरत नाहीत. नेमबाजीला उंचीचा बोनसही नाही. फायदा जंगलात कळतो. मधे येणाऱ्या विरळ झाडीचा प्रत्येक षट्कोन नेम १ ने अवघड करतो, दाट झाडीचा २ ने, आणि तीन अंक जमले की पलीकडचं दिसतच नाही. झाडी आपल्या जमिनीपासून दोनच पातळ्या उंच असते. तुम्ही उंच टेकडीवर गेलात की मधल्या बऱ्याच झाडीवरून नजर जाते आणि ते अंक गळून पडतात. चढणीला मात्र प्रत्येक पातळीमागे एक जादा चालगुण, आणि एका वेळी दोन पातळ्यांहून जास्त चढता येत नाही. धिम्या, जड मेकसाठी टेकडीवर पोचणं म्हणजे दोन फेऱ्या शत्रूला फुकट देणं.

वरून खाली पडलो तर?

मॉर्डहाइम (१९९९) खेळून बघा, उंचीची भीती बसेल. कडेपासून १ इंचाच्या आत उभा असलेला गडी मार लागून कोसळला किंवा बेशुद्ध पडला, तर चपळाईचा फासा टाकावा लागतो. चुकला की खाली. जितके इंच पडला तितक्या ताकदीचे एक ते तीन तडाखे. ६ इंचांवरून पडलेला क्वचितच उठतो. तरी लोक वर जातात, कारण त्याच खेळात जमिनीवरच्या नेमबाजाला सहसा सर्वांत जवळच्या शत्रूलाच मारावं लागतं, आणि २ इंचांहून उंच बसलेला दिसेल त्यातून हवा तो निवडू शकतो. समोरच्या टोळीचा जादूगार मागे लपलाय, पुढे चार प्यादी उभी आहेत, आणि तुमचा तिरंदाज मनोऱ्यावर आहे. मला या खेळाचा उंचीचा नियम सगळ्यांत आवडतो, कारण त्यात दिलेलं आणि घेतलेलं दोन्ही खरं वाटतं.

खऱ्या लढाईत उंचीचा फायदा एवढाच होता का?

पल्ल्याचा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी. हवेचा अडथळा बाजूला ठेवून हिशेब केला तर सेकंदाला ५० मीटर वेगाने ४५ अंशांत सोडलेला बाण सपाटीवर सुमारे २५५ मीटर जातो. १० मीटर उंच बुरुजावरून सोडला तर २६५. जेवढी उंची, साधारण तेवढीच वाढ. बुरुजाचं खरं बळ लांबवर दिसणं, चढून येणाऱ्याचं थकणं आणि कठडा यांत होतं.

तोफांचं तर उलटही होतं. सपाट, कडक जमिनीवर तोफेचा भरीव गोळा टप्पे घेत रांगांमधून पुढे जातो. उंचावरून तिरपा पडला तर मातीत रुततो. शिवाय तोंड फार खाली वळवता येत नाही. अमेरिकी यादवी युद्धात २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप टेकडीवर मोठ्या कष्टाने तोफा चढवल्या, पण पायथ्याशी आलेल्या शत्रूवर त्यांचं तोंड वळेना. वर सांगितलेली आंधळी पट्टी ती हीच.

टेबलावर आणखी एक घोळ आहे. १:५६ प्रमाणाच्या मिनींसाठी ६ इंच म्हणजे खरे साडेआठ मीटर. त्याच प्रमाणात बंदुकीचा २४ इंच पल्ला भरतो फक्त ३४ मीटर! टेबलावर मावावं म्हणून पल्ला दाबलेला असतो, उंची मात्र पूर्ण असते. त्यामुळे दुमजली घरावरून ३०० मीटरवर मारणाऱ्याची गोळी प्रत्यक्षात जेमतेम दीड अंश खाली झुकते, आणि टेबलावर चौदा. उंचीचे मोठे बोनस मला खटकतात ते यासाठी.

मराठ्यांच्या लढाया मांडायच्या तर टेकड्या किती ठेवाव्यात?

लढाई बघून. मिनिएचरवाल्यांमध्ये आवडीने मांडली जाणारी आपल्याकडची एक लढाई म्हणजे असई, २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात. शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या शंभरच्या आसपास तोफा केळणा आणि जुई या नद्यांमधल्या सपाटीवर होत्या, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली-जखमी झाली ती मुख्यतः त्या तोफांमुळे. टेबल छान दिसावं म्हणून तिथे डोंगर उभे करू नका. सपाटीच त्या तोफांचं बळ होती. गोळ्याचे टप्पे मोजणारा नियमसंच घ्या, नद्यांचे काठ नीट दाखवा. उंचीचा डाव हवा असेल तर त्याच मोहिमेतलं डिसेंबर १८०३चं गाविलगड घ्या, मेळघाटाच्या कड्यावरचा किल्ला.

मिनी उतारावर उभीच राहत नाही. काय करावं?

पायऱ्यांची टेकडी करा. गुळगुळीत उताराची टेकडी दिसायला सुंदर, पण धातूची मिनी घसरते आणि रंग उडतो. एक किंवा दीड इंच जाडीचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा आत. थराची कड थोडी तिरपी कापली की दिसायलाही बरी.

साध्या थर्माकोलचे दाणे सुटतात आणि घरभर उडतात, त्यापेक्षा घट्ट फोमशीट घ्या. पात्याची धार नवी हवी, बोथट पातं फोम फाडतं. एक चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो: उघड्या फोमवर थेट स्प्रे रंग. त्यातलं द्रावण फोम खातं, दोन मिनिटांत टेकडीला खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी आणि काळा अ‍ॅक्रिलिक रंग कालवून दोन हात द्या, कडा-कोपरे सोडू नका, रात्रभर वाळू द्या, मग काय हवं ते.

तरीही जिथे उभं करायचंय तिथे मिनी डगमगत असेल, तर समोरच्याला नेमकी जागा दाखवा, दोघांनी मान्य करा, आणि मिनी सुरक्षित ठिकाणी ठेवून तिथे फासा ठेवा. मारा मोजायची वेळ आली की मिनी तिथे हाताने धरा. चांगले खेळाडू हे हसतमुखाने करतात. रंगवायला तीन संध्याकाळी लागलेली मिनी पडून तुटावी असं कुणालाच वाटत नाही.

डाव सुरू होण्याआधी काय ठरवून घ्यावं?

मजल्यांची उंची टेपने मोजून. कुठल्या भिंती आरपार, कुठल्या खिडक्या बंद धरायच्या. जिना किंवा शिडी नसेल तिथे चढता येतं का. टेकडीचा कोणता थर कुठल्या पातळीचा. पाच मिनिटं लागतात.

वर बसलेल्या शत्रूला हुसकायचं कसं?

त्याच्याशी गोळीबाराची स्पर्धा करू नका. त्याच्या आंधळ्या पट्टीतून पायथा गाठा, किंवा त्याला दिसेल असं काही ठेवूच नका. बहुतेक डाव जागा ताब्यात ठेवून जिंकले जातात, आणि त्या जागा सहसा जमिनीवर असतात. गच्चीवरच्या पाच जणांना मारायला कुणी उरलं नाही, तर ते पाच जण शत्रूच्या बाजूने डावाबाहेर गेल्यासारखेच. धूर सोडता येत असेल तर त्यांच्याकडे फेकण्यापेक्षा आपल्या वाटेवर टाका. त्यांनी खाली यायला सुरुवात केली की त्यांच्या दोन फेऱ्या उतरण्यात जातात.

दिवाळीच्या किल्ल्यावर मुलांबरोबर हा खेळ खेळता येईल का?

येईल, आणि जरूर खेळावा. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले, तेव्हा तोही स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची गोळी खरोखर उडवून शिपाई पाडत असे. आपल्या मातीच्या चित्रांना तसं करू नका, ती फुटतात. एक फासा पुरे.

चाल एक वीत. मारा दोन हात. मावळ्याच्या मागे डोकं टेकवून बघायचं, शत्रू दिसला तर ४ किंवा जास्त पडल्यावर बाद. बुरुजावरच्याला दर फेरीत एकदा फासा परत टाकता येईल, पण त्याच्यावर मारणाऱ्यालाही. मुलांना हा दुसरा भाग आधी समजावून सांगा, नाहीतर सगळे मावळे एकाच बुरुजावर दाटीवाटीने उभे राहतात.

किल्ला ओला असतानाच उभं राहायच्या जागा अंगठ्याने दाबून सपाट करा, तीन-चार इंची चित्रं तिथे नीट बसतात. उतारांवर हळीव पेरलं असेल तर वसुबारसेला जमीन उघडी असते, लक्ष्मीपूजनापर्यंत ते इंचभर वाढतं आणि भाऊबीजेला खाली बसलेला मावळा कमरेपर्यंत झाकला जातो. रोज सकाळी पाणी घालून झालं की गुडघ्यावर बसून पुन्हा एकदा बघायचं, आज बुरुजावरून कोण कोण दिसतंय.